ज्यू-अरब सलोख्यासाठी देणगी: पैसा नेमका कशावर खर्चावा?

प्रश्न: इस्रायलमधल्या ज्यू आणि अरब नागरिकांचे संबंध सुधारणाऱ्या संस्थेला आमच्या छोट्या न्यासातर्फे तीन वर्षं निधी द्यायचा आहे. भेटी-मेळावे की शाळा? आणि आधी काय तपासावं?

प्रतिसाद १: आधी कागद. संस्था ‘अमुता’, म्हणजे तिथली ना-नफा संस्था, म्हणून नोंदलेली हवी आणि निबंधकांचं ‘निहुल ताकीन’, म्हणजे योग्य व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र, चालू वर्षाचं हवं. देणगीवरची आयकराच्या कलम ४६ ची सवलत तिथे कर भरणाऱ्यांसाठी. बाहेरच्या न्यासाला तिचा उपयोग नाही.

प्रतिसाद २: शाळा. तिथे हिब्रू आणि अरबी माध्यमाच्या सरकारी शाळाच वेगळ्या, त्यामुळे एका दिवसाच्या मेळाव्यानंतर मुलं पुन्हा आपापल्या जगात. ‘हँड इन हँड’ या संस्थेच्या द्विभाषिक, ज्यू-अरब एकत्र शिकणाऱ्या शाळांत खालच्या वर्गांना एक ज्यू, एक अरब असे दोन शिक्षक असतात. दुसऱ्या शिक्षकाचा पगार ही देणगी लागण्याची खरी जागा. इमारतीवर पाटी लावायचा मोह टाळा! अडचण एकच: दोन्ही भाषा समान म्हटल्या तरी मधल्या सुट्टीत हिब्रूच जिंकते, कारण अरब मुलांना हिब्रू येते, उलट क्वचितच. म्हणून ज्यू मुलांच्या अरबीच्या तासांसाठी वेगळी रक्कम राखा.

प्रतिसाद ३: २०१६ च्या पारदर्शकता कायद्याला घाबरू नका. तो निम्म्याहून जास्त निधी परकीय सरकारांकडून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे, खासगी न्यासाचा पैसा त्यात धरत नाहीत. मात्र हप्ते तणावाच्या काळात थांबवू नका. कार्यक्रम रद्द होतात, पगार चालूच असतात. करारात तारखा पुढे ढकलण्याचं कलम घाला.

प्रश्नकर्ता: मग दुसरा शिक्षक आणि अरबीचे तास, हेच धरतो.