विषय: बेरिल आणि आपली बंद पडलेली फोनची यादी

प्रेषक: सचिव, केटी

सर्वांना नमस्कार,

आमच्याकडे रविवारी संध्याकाळी वीज परत आली. त्याआधीच्या सोमवारी, 8 जुलै 2024 ला पहाटे बेरिल चक्रीवादळ आलं आणि टेक्सासच्या ह्यूस्टन परिसरात 20 लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. तो आठवडाभर आपला व्हॉट्सॲप ग्रुप अखंड वाजत होता. पेट्रोल कुठे आहे, बर्फ कुठे मिळतोय, व्हॉटाबर्गर या बर्गरवाल्यांच्या ॲपवर कुठली दुकानं उघडी दिसतात म्हणजे तिथे वीज असणार, सगळं कळत होतं.

आणि माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर आपल्या एका सभासदाचे आई-वडील शुक्रवारपर्यंत विजेविना बसून होते, ते मात्र कुणाला कळलं नाही. मुलगा-सून दोघंही देशाबाहेर. मुलाला रोज फोनवर ‘आम्ही मजेत’ सांगत होते. मी गेले तेव्हा घरात 91 फॅरनहाइट (जवळपास 33 सेल्सिअस) होतं. आजोबांचं इन्सुलिन एका छोट्या स्टीलच्या डब्यात, डबा पातेल्यात आणि पातेल्यातलं पाणी कोमट. बर्फ बुधवारीच संपला होता. “तुम्ही नोकरीची माणसं, कशाला त्रास द्यायचा,” असं म्हणत आजी माझ्यासाठीच सरबत करायला उठल्या.

तेव्हापासून मला चैन नाही. ग्रुप त्यातल्या लोकांच्या कामी आला. हे दोघं ग्रुपमध्ये नव्हतेच. इथे सहा महिन्यांसाठी येणारे आई-वडील कुणाच्याच यादीत नसतात. हार्वी वादळाच्या वेळी आपली फोनची यादी होती ना? ती कुठे गेली?

प्रेषक: काका, पश्चिम ह्यूस्टन

ताई, ती यादी माझ्याकडे आहे. कागद पिवळा पडलाय आणि अर्धे नंबर आता लागत नाहीत.

नवीन मंडळींसाठी सांगतो. 2017 साली गणेश चतुर्थी 25 ऑगस्टला होती, आणि त्याच रात्री हार्वी टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टला धडकलं. आमचा दीड दिवसाचा गणपती. शनिवारी दुपारी बादलीत विसर्जन केलं आणि रात्री पावसाने जो जोर धरला तो थांबेचना. सोमवारी ॲडिक्स आणि बार्कर धरणांचं पाणी सोडलं. आमच्या घरात ते शिरलं आणि बरेच दिवस हललं नाही. एका अनोळखी माणसाच्या मासेमारीच्या होडीतून आम्ही बाहेर पडलो.

यादी त्या रात्री झाली नाही. आदल्या वर्षी आपल्या एका ताईंनी जेवणाच्या पंगतीत वही घेऊन फिरून ती केली होती. घरात किती माणसं, वरचा मजला आहे का, रोजचं औषध कुणाला, गाडी कोण चालवतं. तेव्हा काही जण वैतागले, मीही त्यात होतो. पण रविवारी सकाळी पहिला फोन आला तो त्यांचाच, आणि त्यांना आमच्या आईचा गुडघा ठाऊक होता.

पाणी ओसरल्यावर मी सगळ्यांना ‘काही नको’ म्हणून सांगत होतो. घर कुजत होतं आणि तोंडाने ‘काही नको’ चालू होतं. शेवटी एकाने विचारणं सोडलं. “शनिवारी आठ वाजता सहा जण येतोय, पहारी आणि मास्क आणतोय,” एवढंच कळवलं. आले. भिजलेले गालिचे ओढून फुटपाथला लावले, चार फुटांपर्यंत ड्रायवॉल, म्हणजे भिंतींचे जिप्समचे तक्ते, कापून काढली, आतला ओला कापूस उपसला. ज्यांना मी जेमतेम ओळखत होतो त्यांनी माझ्या आईची ट्रंक उन्हात उघडून एकेक फोटो सुटा करून वाळत घातला. म्हणून सांगतो, ‘काही लागलं तर कळवा’ असं कुणाला म्हणू नका. कोणी कळवत नाही.

प्रेषक: शुगर लँडहून

यादी हवीच, फक्त औषधांची माहिती ईमेलवर फिरू नये. ज्याच्यावर ती घरं सोपवली, त्याच्याचकडे कागद राहू दे.

26 जुलै 2005 ला मी मुंबईत होते. अनोळखी माणसांनी हात धरून कमरेएवढ्या पाण्यातून काढलं. पण तिथे माणसं रस्त्यावर होती, एकमेकांना दिसत होती. इथे गॅरेजचं दार खाली आलं की घरात कोण आहे ते शेजाऱ्यालाही कळत नाही.

दोन कामाच्या गोष्टी. घरात कुणी ऑक्सिजनवर किंवा अंथरुणाला खिळलेलं असेल तर 211 या मदत क्रमांकावर फोन करून राज्याच्या नोंदणीत नाव घाला. फुकट आहे, पण दरवर्षी पुन्हा करावं लागतं. आणि जनरेटर गॅरेजमध्ये लावू नका, दार उघडं ठेवूनही नाही. 2021 च्या थंडीत वीज गेली तेव्हा आणि आता बेरिलमध्येही त्या धुराने माणसं गेली आहेत.

प्रेषक: सचिव, केटी

ठरलं तर. एकाने सहा घरं घ्यायची, आपापल्या झिप कोडमधली (म्हणजे पिनकोडमधली). वादळाची सूचना आली की एक फोन, वीज गेली की रोज एक. पाहुणे आई-वडील आले की त्यांचा नंबर वेगळा, मुलाचा नव्हे. काका, तुमचा कागद या शनिवारी आणाल का? जुने नंबर एकेक लावून बघू.

माझी सहा घरं मी घेतली. पहिला फोन त्या आजी-आजोबांना केला. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मला कुठली घरं देताय? मी ऑक्टोबरपर्यंत इथेच आहे आणि दिवसभर घरीच असतो.” त्यांना दोन दिली आहेत.