प्रति: पाच वर्षांचा एकत्रित संख्याशास्त्र अभ्यासक्रम

'तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, मग धोका कसला?' असं पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाबद्दल कुणीतरी म्हटलंय. नियमाने येतं, खरंय. पण आधी विषय कोणत्या सत्रात आहेत ते बघा. बाहेर पडून दुसरीकडे एमएस्सी करायची तर जॅम ही आयआयटी वगैरेंची प्रवेश परीक्षा लागते. तिचा गणिती संख्याशास्त्राचा पेपर फेब्रुवारीत असतो आणि त्याच्या अभ्यासक्रमात आकलन (नमुन्यावरून अज्ञात मूल्याचा अंदाज बांधणं) अन् परिकल्पना चाचणी (एखादं गृहीतक नमुन्यावरून तपासणं) दोन्ही येतात. पाच वर्षांच्या आखणीत हे विषय सहाव्या सत्रात किंवा त्याच्याही पुढे सरकलेले असले, तर परीक्षेच्या वेळी परिकल्पना चाचणीचा पाया असलेलं नेमन-पिअरसन प्रमेय वर्गात झालेलंच नसतं. एकत्रित अभ्यासक्रमाला घाई नसते ना, म्हणून असं होतं.

पुण्यातल्या तीन-चार ठिकाणांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाचव्या सत्रापर्यंतचेच पेपर मोजा. शिवाय जुने अंतर्गत पेपर मागा. नुसते टी-चाचणीच्या (सरासरी तपासायच्या ठरावीक चाचणीच्या) सूत्रात आकडे भरायचे प्रश्न असतील तर सावध. ० ते थीटा समान वितरणात थीटाचा अंदाज करताना एन निरीक्षणांच्या नमुन्यातल्या कमाल मूल्याला (एन+१)/एन ने का गुणायचं, असं विचारत असतील तर तिथे पाया नीट घालतात. संगणक प्रयोगशाळा किती चकचकीत आहे, ते नंतर बघू.