मदत हवी आहे: नाताळच्या सुट्टीत नऊ रात्री घर बंद राहणार आहे, कडी-कोयंड्यापासून नेमके काय पाहावे?

नमस्कार.

२४ डिसेंबरच्या सकाळी आम्ही घरातील सगळे जण नाताळच्या सुट्टीसाठी बाहेरगावी निघत आहोत आणि २ जानेवारीला परतणार आहोत, म्हणजे सलग नऊ रात्री घरात कोणीही नसेल. एरवी कोणी ना कोणी मागे राहत असे. या वेळी घर प्रथमच पूर्ण बंद राहणार असल्यामुळे, आणि गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या खालच्या मजल्यावरील घर फोडले गेल्यामुळे, मनाला स्वस्थता नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

त्या घराचा दरवाजा मी दुसऱ्या दिवशी सकाळी जवळून पाहिला होता. कुलूप चांगले जाडजूड होते आणि ते बंदच्या बंद होते. चोरांनी त्याला हातही लावलेला दिसत नव्हता. कटावणी घालून त्यांनी चौकटीवरचा कोयंडाच उचकटला होता, त्यामुळे कुलूप, कडी आणि कोयंडा असे सगळे एकत्र दाराला लोंबकळत होते आणि कोयंड्याचे चार स्क्रू खाली पायपुसण्यावर पडले होते. त्यांतला एक मी उचलून पाहिला. तो करंगळीच्या नखापेक्षा थोडासाच लांब होता आणि त्याच्या आट्यांमध्ये लाकडाचा भुसा अडकलेला होता. काल रात्री मी आमच्या दाराचा कोयंडा टॉर्च लावून पाहिला, तेव्हा तेथेही तितकेच आखूड स्क्रू आढळले.

त्या घरात राहणाऱ्या काकूंचे हाल मी पाहिले आहेत. पोलिसांनी चोरीस गेलेल्या वस्तूंचा तपशील विचारला, तेव्हा लॅपटॉप काळ्या रंगाचा होता यापलीकडे त्यांना काही सांगता येईना, आणि दागिन्यांपैकी एकाचाही स्वतंत्र फोटो त्यांच्याकडे नव्हता.

माझ्या शंका अशा आहेत. बाहेरून लावलेले कुलूप ‘घरात कोणी नाही’ हेच सांगत असते, मग ते न लावता केवळ नाईट लॅचवर भरवसा ठेवावा का? बाल्कनीला सरकत्या काचेचे दार आहे, त्याची कडी बोटाने ढकलली तरी हलते, त्याला काय करावे? एक दिवा सतत चालू ठेवून जाण्याची आमच्याकडे पद्धत आहे. तिचा उपयोग होतो की उलट तोटा होतो? आणि हाती दहा-बारा दिवसच असताना कॅमेऱ्यावर खर्च करावा की आधी दारावर? ज्यांनी ही कामे केली आहेत किंवा करून घेतली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे दारे-खिडक्या बसवण्याचे काम करतो, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आधी दारावर खर्च करा. कॅमेरा चोराला पाहतो, पण अडवत नाही. दार त्याला अडवते, आणि घरफोडीत सगळा हिशेब मिनिटांचा असतो. घरफोडीला प्रतिकार करणाऱ्या दारांसाठी ईएन १६२७ हे युरोपीय मानक आहे. त्यातील आरसी २ श्रेणीच्या दाराने साध्या हत्यारांपुढे ३ मिनिटे आणि आरसी ३ श्रेणीच्या दाराने पहारीसारख्या हत्यारापुढेही ५ मिनिटे टिकाव धरावा, अशी अपेक्षा असते. हे आकडे वाचून अनेकांची निराशा होते, परंतु दार मोडण्याचा आवाज होत असताना पाच मिनिटे तेथे उभे राहणे चोराला फार जड जाते. तुमच्या शेजारच्या काकूंच्या दाराने त्याला अर्धा मिनिटही लावला नसावा.

तुमचे निरीक्षण अगदी अचूक आहे: कुलूप कितीही महाग असले, तरी त्याची ताकद कोयंड्याच्या स्क्रूएवढीच असते. कोयंडा लाकडी स्क्रूंनी न बसवता आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवून घ्या, ज्याचे नट आणि जाड वॉशर आतल्या बाजूला येतील आणि ज्याचे बाहेरचे डोके गोल, गुळगुळीत असल्यामुळे पान्याला पकड मिळणार नाही. कडीची पट्टी दुमडल्यावर सगळे बोल्ट तिच्याखाली झाकले गेले पाहिजेत. जेथे आरपार भोक पाडणे शक्य नाही, तेथे सुमारे ७५ मिलिमीटर लांबीचे स्क्रू वापरा, म्हणजे ते चौकटीच्या वरच्या पट्टीत न थांबता मागच्या भक्कम भागापर्यंत पोहोचतील. बिजागऱ्यांचे स्क्रूही त्याच वेळी बदलून घ्या, कारण कडीची बाजू मजबूत झाली की कटावणी बिजागरीच्या बाजूला वळते. दार बाहेर उघडत असेल आणि बिजागरीची खीळ बाहेरून दिसत असेल, तर ही गोष्ट अजिबात लांबणीवर टाकू नका.

नाईट लॅचबद्दल एक गैरसमज मला घरोघरी आढळतो. दार नुसते ओढून घेतले की लॅचची तिरकी जीभ स्प्रिंगच्या जोरावर चौकटीत बसते, आणि फटीतून प्लॅस्टिकची कडक पट्टी सरकवून ती मागे ढकलता येते. बाहेरून किल्ली फिरवून जीभ पक्की अडकवण्याची सोय ज्या लॅचमध्ये आहे, त्यांत ती सोय न चुकता वापरावी. शक्य असेल तर दाराच्या फळीच्या आत बसणारे आणि चौकटीत जाड बोल्ट घुसवणारे मॉर्टिस कुलूप बसवून घ्या. ते बाहेर लटकत नाही, त्यामुळे घर बंद असल्याची खूण जिन्यातून जाणाऱ्याला दिसत नाही. तोपर्यंत मात्र बाहेरचे कुलूप काढून टाकू नका. खूण दिसणे वाईट, पण नुसत्या ओढलेल्या लॅचवर घर सोडणे त्याहून वाईट.

सरकत्या दारासाठी खालच्या पन्हळीत बरोबर मापाची लाकडी किंवा धातूची दांडी आडवी टाका. एवढ्याने दार सरकणार नाही, पण ते वर उचलून पन्हळीतून बाहेर काढता येते का, हे स्वतः उचलून पाहा. उचलले जात असेल, तर वरच्या पन्हळीत थोडे खाली येतील असे दोन-तीन स्क्रू बसवल्याने वरची मोकळी जागा भरून निघते.

प्रतिसाद २

दिव्याबद्दल सांगायचे, तर सतत चालू असलेला दिवा पहिल्या रात्री उपयोगी पडतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घात करतो, कारण भर उन्हात जळणारा दिवा पाहून घरात कोणी नाही हे कोणालाही समजते. उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबरला वर्षातील सर्वांत मोठी रात्र असते, त्यामुळे नाताळात अंधार लवकर पडतो आणि अंधारी खिडकी कितीतरी तास तशीच दिसत राहते. म्हणून टायमर लावा, पण दोन खोल्यांत वेगवेगळ्या वेळांचे लावा: बैठकीतील दिवा अंधार पडताना लागावा, झोपायच्या खोलीतील दिवा रात्री उशिरा थोडा वेळ लागून विझावा. फिरत्या चकतीचा साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो, हे ध्यानात ठेवा. आमच्याकडे एकदा याच कारणाने संध्याकाळचा दिवा मध्यरात्री लागत राहिला होता. वायफायवर चालणारे प्लग वापरणार असाल, तर निघताना सवयीने राउटर बंद करू नका.

कॅमेरा घेतलाच, तर त्यातील मेमरी कार्ड चोराबरोबर जाऊ शकते, म्हणून चित्रण घराबाहेर साठवले जाईल अशी व्यवस्था पाहा, आणि कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. कॅमेरा काचेच्या आतून बाहेर रोखू नये. रात्री त्याचा इन्फ्रारेड प्रकाश काचेवरून परततो आणि चित्र पांढरे होऊन जाते. शेजाऱ्यांचे दार कॅमेऱ्याच्या चित्रात येणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

प्रतिसाद ३

नाताळची म्हणून काही खास काळजी सुचवते. भेटवस्तूंचे रिकामे खोके कचऱ्याजवळ उभे करून ठेवल्यास घरात नवीन काय आले आहे, हे त्यांच्यावरील चित्रेच सांगतात. ते फाडून, छापील बाजू आत दुमडून टाकावेत. सजवलेले झाड रस्त्यावरून दिसणाऱ्या खिडकीत असेल, तर त्याखालील वस्तू उचलून ठेवाव्यात. झाडाच्या दिव्यांना मात्र टायमर लावू नये. घरात कोणी नसताना ते बंदच असावेत, कारण तेथे चोरीपेक्षा आगीची भीती मोठी आहे. पार्सले २ जानेवारीनंतर येतील असे पाहावे आणि सहलीचे फोटो परतल्यावरच टाकावेत, मुलांनासुद्धा हे आधी समजावून सांगावे.

घराचा विमा असल्यास पॉलिसी आजच वाचा. घर किती दिवस रिकामे राहिले तर चोरीचे संरक्षण थांबते, याची अट बऱ्याच पॉलिसींमध्ये असते, आणि दार बळाने फोडल्याच्या खुणा नसतील तर दावा नाकारला जाऊ शकतो. पायपुसण्याखाली किंवा कुंडीत किल्ली ठेवण्याची सवय या कारणानेही सोडावी. किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्यांच्या हाती द्यावी आणि दाराशी काही साचले तर उचलण्याची विनंती करावी.

काकूंच्या बाबतीत जे झाले, ते वाचून वाईट वाटले. एका दुपारी प्रत्येक दागिन्याचा आणि उपकरणाचा वेगळा फोटो काढा, उपकरणामागचा अनुक्रमांक टिपा, आणि मोबाईलवर *#०६# दाबल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक लिहून ठेवा. ही यादी घरातल्या लॅपटॉपवर ठेवू नका, कारण तो गेला तर यादीही जाईल. दागिने नऊ रात्रींसाठी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे उत्तम, पण बँका सुट्टीसाठी बंद होण्याआधीच ते काम उरकावे लागेल.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. दागिन्यांचे फोटो काढून झाले आहेत, बाल्कनीच्या दारात दांडी बसली आहे, आणि ते दार खरोखरच वर उचलले जात होते, म्हणून वरचे स्क्रूही लावून घेतले. मात्र कोयंडा काढल्यावर सुताराने दाखवले की, त्यामागचे चौकटीचे लाकूड वीतभर उंचीपर्यंत वाळवीने पोखरलेले आहे; स्क्रूड्रायव्हर टेकवला तरी तो आत रुततो. संपूर्ण चौकट बदलायला सुट्टीपूर्वी वेळ नाही. आता काय करावे?

प्रतिसाद १ (पुन्हा)

अशा लाकडात ७५ मिलिमीटरचा स्क्रूही धरणार नाही, आणि पुट्टी भरून तर मुळीच काम करू देऊ नका. पोखरलेला भाग घट्ट लाकूड लागेपर्यंत कापून काढायला सांगा, उरलेल्या लाकडाला वाळवीचे औषध लावा आणि तेथे पक्क्या लाकडाचा तुकडा खाच घेऊन बसवा. त्यावरून आणखी वीतभर वर आणि वीतभर खाली जाईल अशी जाड लोखंडी पट्टी लावून ती अँकर बोल्टने थेट भिंतीत पकडवा, आणि नवा कोयंडा त्या पट्टीला वेल्डिंग करून घ्या, म्हणजे कटावणीचा जोर लाकडावर न येता भिंतीवर येईल. हे एका दिवसाचे काम आहे. झाल्यावर कडी-कुलूप लावून दाराला खांद्याने जोराचा धक्का देऊन पाहा. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत केसाएवढीही हालचाल दिसली, तर सुताराला तेथेच थांबवून आणखी एक अँकर मारून घ्या.