पायाशी पडलेला प्राजक्त

ए-१०४ वहिनी: बी-३०२ च्या काकूंनी माझ्या भाचीच्या बाळासाठी स्वेटर विणून दिलाय. फोटो टाकलाय, मोठा करून बघा. आपल्या गेटजवळचा प्राजक्त ओळखू येतोय का?

सी-२०१ ताई: अय्या, किती गोड! काकू, कुठल्या पुस्तकातलं डिझाइन हे?

बी-३०२ काकू: पुस्तकातलं नाही गं, गेटजवळचंच आहे. दुपारचं आवरलंय तर सविस्तरच लिहिते.

आधी मी फूलच काढायला गेले होते. चौकटीच्या वहीत १४ चौकोन रुंद आणि १४ उंच असं गोल फूल काढलं, पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एका बाजूला वळवल्या. विणून बघते तर फूल वरून दाबल्यासारखं. सुलट विणीचा टाका चौकोनी नसतो, उंचीपेक्षा रुंद असतो. या लोकरीत माझ्या हाताने १० सेंटीमीटरला २८ टाके आणि ३६ ओळी बसतात. म्हणजे १४ टाके रुंद फुलाला १८ ओळी हव्यात. प्रत्येकीचा हात वेगळा, त्यामुळे वीतभर नमुना विणून, मोजूनच वहीत काढायचं. तेवढं सगळं उसवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दूध घ्यायला खाली उतरले. सडा पडला होता. रोज बघतो आपण, पण त्या दिवशी खाली बसून बघितलं. बरीचशी फुलं उपडी पडलेली, पाकळ्या मातीकडे आणि केशरी देठ वर! बुंध्यापाशी दाट, पार्किंगकडे विरळ होत गेलेली. मग पाकळ्या काढायच्याच कशाला? मला जे दिसत होतं ते पांढरा ठिपका आणि त्यात उभा केशरी देठ, एवढंच होतं.

ए-१०४ वहिनी: म्हणून खालच्या पट्टीजवळ दाट आणि छातीकडे तुरळक!

बी-३०२ काकू: हो, बरोब्बर. जमीन शेवाळी हिरवी. ठिपक्यासाठी पांढऱ्या लोकरीने एकाच टाक्यातून ५ वेढे काढायचे आणि पुढच्या ओळीत पाचही एकत्र विणायचे. टपोरी गाठ येते. वेढे सैल सोडा, नाहीतर सुई आत शिरत नाही. केशरी देठ मात्र विणलेला नाही, शेवटी जाड सुईने शिवलाय. विणतानाच तिसरा रंग घेतला असता तर मागे लांब दोरे राहिले असते आणि बाळाची बोटं त्यात अडकली असती. पाठ साधीच ठेवली, पाळण्यात निजल्यावर गाठी टोचायला नकोत.

डी-४०३: काकू, एस्टोनियात हापसालू नावाचं गाव आहे, तिथल्या लेसच्या शाली प्रसिद्ध आहेत. त्यांच्या एका पारंपरिक नमुन्यात लिली ऑफ द व्हॅलीच्या कळ्या अशाच गाठींनी विणतात, एका टाक्यातून ५ किंवा ७ वेढे घेऊन. शाल इतकी तलम की अंगठीतून ओढून काढता येते.

बी-३०२ काकू: बघ, त्या बायकांनी त्यांच्या रानातलं फूल टाक्यात बसवलं. आपल्याकडे मोगऱ्याच्या कळ्या आहेत, शेवंती आहे. तो नमुना पाठव मला, शालीच्या काठाला मोगरा करून बघते.

बी-१०१ आजोबा: भाद्रपदात अंजनेरीच्या पठारावर काढलेले फोटो टाकतोय. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा. उपयोग होईल का?

बी-३०२ काकू: होईल म्हणजे काय, आजोबा! दुसऱ्या फोटोत हिरवं आणि मातीचं किती आहे बघा, गुलाबी जेमतेम मूठभर. आपण विणताना गुलाबीच भसाभस घालतो आणि मग ते भडक दिसतं. या फोटोवरून मफलर करते. हिरव्याचे दोन गुंडे, गुलाबीचा अर्धा.

ए-१०४ वहिनी: गुंडे घेताना लेबलवरचा लॉट नंबर बघा हं सगळ्यांनी. गेल्या वर्षी दुकानदाराने मला एकाच रंगाचे दोन लॉट दिले. बाही विणून झाल्यावर उन्हात नेली तेव्हा फरक दिसला.

सी-२०१ ताई: काकू, मला आबांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर करायचाय. पिंपळगावला बाग आहे आमची, छाटणी होऊन नवे फुटवे आलेत. द्राक्षाचा वेल कसा विणायचा? पान जमेल?

बी-३०२ काकू: पानाच्या मागे लागू नकोस. कातरलेल्या कडांचं पान विणीत ओबडधोबड होतं. साधं पान हवं तर मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वेढा वाढवत १ चे ९ टाके करायचे आणि मग दोन्ही कडांना कमी करत परत १ वर यायचं. पण ते कुठल्याही झाडाचं पान होईल. तुमच्या वेलीचं असं काय आहे, ते आबांना विचार.

सी-२०१ ताई: फोन केला होता! आबा म्हणाले, पानाच्या बरोबर समोरून तणावा, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, निघतो. दोन पेरांवर असतो, तिसऱ्यावर नसतो, पुन्हा दोनांवर. घडही त्या तणाव्याच्याच जागी धरतो. मी इतकी वर्षं बागेत वावरले, पण हे मोजलं नव्हतं.

बी-३०२ काकू: अगं, मग झालं की तुझं डिझाइन! मधोमध उभा पीळ, तो वेल. पिळाच्या दोन वळणांवर बाजूला तणावा काढायचा, तिसरं वळण मोकळं. एखाद्या तणाव्याच्या जागी गाठींचा घड. बाकी सगळं उलट विणीत ठेव म्हणजे वेल उठून दिसेल. आबा हात फिरवतील ना, तेव्हा त्यांना बोटांनीच कळेल.

सी-२०१ ताई: डोळ्यांत पाणी आलं काकू. आजच टाके घालते.

बी-३०२ काकू: आज नमुना विण. टाके उद्या.

डी-४०३: काकू, मलाही तो सडा तुमच्यासोबत बघायचाय. किती वाजता येऊ?

बी-३०२ काकू: उद्या सव्वासहाला ये, वही-पेन्सिल घेऊन. साडेसहाला मामा झाडायला येतात. त्यांना सांगून ठेवते, उद्या बुंध्याकडची बाजू शेवटी झाडा म्हणून.