संगणकावर हेडसेटचा आवाज का बिघडतो
फोनवर स्वच्छ ऐकू येणारा ब्लूटूथ हेडसेट संगणकावरील बैठकीत घागरीतून बोलल्यासारखा का वाजतो, असा प्रश्न पडतो. हा दोष बहुधा हेडसेटचा नाही. गाणी ऐकताना ब्लूटूथची 'ए२डीपी' पद्धत स्टिरिओ आवाज एकाच दिशेने पाठवते, परंतु बैठकीच्या सॉफ्टवेअरने हेडसेटचा मायक्रोफोन निवडताच जोडणी सहसा 'एचएफपी' या दोन्ही दिशांनी बोलणे पाठवणाऱ्या पद्धतीवर जाते आणि मोनो (एकाच वाहिनीच्या) आवाजाचे नमुने, म्हणजे आवाजाची घेतलेली मोजमापे, सेकंदाला ८ किंवा १६ हजारांवर येतात; त्यामुळे आवाज दबका वाटतो. म्हणून रत्नागिरीच्या घरून काम करताना मी मायक्रोफोन लॅपटॉपचा निवडतो व हेडसेट केवळ ऐकण्यासाठी ठेवतो. फरक तत्काळ जाणवतो. (जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे गेल्यास ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्झची रेडिओलहर क्षीण होते, हेही ध्यानात घ्यावे.) खाऱ्या, दमट हवेत चार्जिंगच्या पिना गंजतात, त्या कोरड्या कापडाने नियमित पुसाव्यात.