'कुल्लिये'ला मराठीत काय म्हणावं?

इस्तंबूलवर प्रवासलेख लिहितेय. उस्कुदारला बॉस्फरसच्या अगदी काठावर शम्सी पाशा मशीद आहे, 1580 च्या सुमाराची, ऑटोमन वास्तुकार सिनानने बांधलेली. नमाजाचं दालन साधारण 8 मीटर चौरस, वर एकच घुमट. तरी तुर्की मजकुरात 'कुल्लिये' म्हणतात, कारण मशिदीला चिकटून पाशाची कबर आहे (मध्ये नुसती जाळी), आणि बाजूला काटकोनात मदरशाच्या खोल्या. तिथे आता वाचनालय आहे. 'संकुल' लिहिलं की मला क्रीडासंकुल दिसतं.

— संकुलच लिहा. उच्चारही जवळचा आहे.

— उच्चाराचा तो निव्वळ योगायोग. संकुल संस्कृत, कुल्लिये अरबी 'कुल्ल'वरून, म्हणजे 'सगळं'. तो कुल्ल आपल्या 'कुलमुखत्यारपत्रा'त आहे. (कुळकर्ण्यांनी हक्क सांगू नये, त्यांचं कुळ वेगळं.)

— 'आवार' कसं वाटतं? देवळाचं आवार म्हणतोच की.

— आवारात मोकळी जागा आधी डोळ्यांसमोर येते. इथे तर जागाच नाही, भिंतीपलीकडे पाणी. शिवाय मशीद, मदरसा, कबर हे एकाच वक्फातून, एकत्र योजून उभं राहतं, ते 'आवारा'त येत नाही. माझं मत: पहिल्यांदा 'कुल्लिये' लिहून अर्थ सांगा, पुढे बिनधास्त वापरा.

— जाता जाता एक सावधगिरी. सिनानला 'मिमार' म्हणतात, म्हणजे वास्तुकार. आपली 'इमारत' त्याच धातूची. पण मोठ्या कुल्लियेच्या वर्णनात 'इमारेत' भेटलं तर इमारत लिहू नका, ते अन्नछत्र असतं! एका भाषांतरात 'इमारतीत रोज सूप शिजत असे' असं वाचलंय.

— धन्यवाद, 'कुल्लिये'च ठेवते. आता दुसरा गुंता. या मशिदीचं टोपणनाव 'कुशकोनमाझ'. कुश म्हणजे पक्षी, कोनमाझ म्हणजे बसत नाही. वाऱ्यामुळे पक्षी घुमटावर बसत नाहीत, अशी आख्यायिका. शब्दकोशात मात्र कुशकोनमाझपुढे शतावरीची भाजी निघाली, अ‍ॅस्परॅगस!

— दोन्ही बरोबर. तुम्ही 'पाखरं न बसणारी' करा. गेला होतात तेव्हा बसलं होतं का एखादं?

— घुमटावर एक सीगल होता. फोटोत आलाय.