मदत हवी आहे: पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेमचा अल्बम २२६ वर पूर्ण, मग २२८ कुठून?

तुरुपराणी
गेम बॉय कलरच्या जमान्यातला पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम माझ्याकडे निन्टेन्डो ३डीएसवर आहे, २०१४ ची व्हर्च्युअल कन्सोलवाली (जुना गेम डाउनलोड करून चालवायची सोय) अमेरिकी प्रत. गेममधले आठही क्लब मास्टर हरवून झाले, चारही ग्रँड मास्टर हरवून झाले, लेजंडरी कार्डं हातात आहेत. अल्बम २२६ पैकी २२६ दाखवतो. पण जिथे तिथे एकूण कार्डं २२८ वाचायला मिळतात, आणि मेनूतलं कार्ड पॉप (दोन यंत्रं जोडून दोघांना नवं कार्ड मिळवून देणारी सोय) काही चालत नाही. उरलेल्या दोनांसाठी मूळ कार्ट्रिज घेणं भाग आहे का? असेल तर कुठल्या देशाचं घेऊ? ओळखीचं एक जण ओसाकाहून येणार आहे, त्यामुळे जपानी प्रत सहज येईल. घरात गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी आहे, त्यावर भागेल का?

फुलीगोळा
अल्बम बरोबर आहे. ती दोन म्हणजे फँटम कार्डं: व्हीनसॉर लेव्हल ६४ आणि म्यू लेव्हल १५. कुठल्याही बूस्टर पॅकमध्ये (गेममधलं कार्डांचं पाकीट) ती निघत नाहीत, कोणी हरल्यावरही देत नाही. मिळतात फक्त कार्ड पॉपमधून, आणि हातात येईपर्यंत अल्बम त्यांना एकूण संख्येत धरतच नाही. म्हणून तुम्हाला २२६/२२६.

कार्ड पॉप चालतं इन्फ्रारेडवर. गेम बॉय कलरच्या वरच्या कडेला जी काळी खिडकी असते ना, ती. ३डीएसलाही इन्फ्रारेड आहे, पण व्हर्च्युअल कन्सोल त्याला हात लावत नाही. त्याच कारणाने मित्राला कार्डं पाठवायचं गिफ्ट सेंटर बंद (तेही इन्फ्रारेडवरच), केबल नाही म्हणून बॅटल सेंटर बंद, आणि गेम बॉय प्रिंटरवर कार्ड छापण्याचा पर्याय नुसता नावाला. एकट्याने खेळायला ती प्रत उत्तम, दुकटं काही करायचं म्हटलं की संपलं.

एसपीवर भागणार नाही. इन्फ्रारेड कार्ट्रिजमध्ये नाही, यंत्रात आहे, आणि अ‍ॅडव्हान्स काढताना निन्टेन्डोने ते काढून टाकलं. गेम लागेल, रंगीत दिसेल. केबलवर लढतही होईल, पण केबल गेम बॉय कलरची हवी, अ‍ॅडव्हान्सची नको. डीएस आणि गेम बॉय मायक्रोमध्ये तर ही कार्ट्रिज बसतच नाही.

नाणेफेक
देशाचं म्हणाल तर गेम बॉयला रीजन लॉक नाही, कुठलीही प्रत कुठल्याही यंत्रावर चालते. (३डीएसला लॉक होता, म्हणून लोकांच्या डोक्यात ते बसलंय.)

जपानी प्रत १८ डिसेंबर १९९८ ची, अमेरिकी एप्रिल २००० ची, युरोपी २००० च्या शेवटाची. युरोपात दोन वेगळी कार्ट्रिज निघाली: एक इंग्रजी-फ्रेंच-जर्मन, दुसरं इंग्रजी-स्पॅनिश-इटालियन. इंग्रजी दोन्हींत आहे, तेव्हा अमेरिकी महाग वाटलं तर युरोपी बिनधास्त घ्या.

जपानी मात्र लिपी वाचता येत नसेल तर नको. मारामारीच्या गेममध्ये चित्रावर निभावतं, इथे सगळा खेळ कार्डावरच्या मजकुरात. लेजंडरी झॅपडॉसचंच बघा: बिग थंडर स्वतः झॅपडॉस सोडून कुठल्याही एका पोकेमॉनला ७० चा फटका देतं, आणि तो कोणाला हे गेम ठरवतो. बाकावरचा (राखीव) तुमचाच पोकेमॉन आडवा होऊ शकतो. हे वाचता आलं नाही तर डाव का हरलो तेच कळायचं नाही. शिवाय कार्ड पॉपला दोन कार्ट्रिज लागतात, दोन्ही एकाच भाषेची ठेवा. मिसळीच्या भानगडीत पडू नका.

ओसाकाच्या माणसाला आणखी एक बजावून ठेवा. जपानी दुकानात शेजारीच कार्ड जीबी २ असेल. तो २००१ चा पुढचा भाग, चारशेहून जास्त कार्डांचा, आणि त्याचं कार्ट्रिज जपानबाहेर निघालंच नाही. गेम म्हणून पहिल्यापेक्षा सरस, पण तुमचा अल्बम त्याने भरणार नाही.

तुरुपराणी
म्हणजे दोन गेम बॉय कलर आणि दोन कार्ट्रिज? हे सगळं दोन कार्डांसाठी? स्विचवर नाही का होणार?

फुलीगोळा
स्विच ऑनलाइनवर हा गेम ऑगस्ट २०२३ पासून आहे, साध्या सदस्यत्वात. लांबच्या मित्राशी लढायला तीच प्रत सोयीची. पण सदस्यत्व संपलं की गेम बंद, आणि ३डीएसवरची सेव्ह तिथे नेता येत नाही. तुमची ३डीएसची प्रत पुसू नका. मार्च २०२३ ला ३डीएसच्या ईशॉप या ऑनलाइन दुकानातली खरेदी बंद झाली, आता नव्याने विकत मिळत नाही.

फँटमसाठी मूळ यंत्रच धरा. पद्धत अशी: दोन्ही कार्ट्रिजवर सेव्ह हवी. सुरुवातीच्या मेनूत कार्ड पॉप निवडायचं, दोन्ही यंत्रांच्या वरच्या कडा समोरासमोर चार-पाच सेंटीमीटरवर सपाट टेबलावर ठेवायच्या, मग दोघांनी दाबायचं. थेट ऊन आणि उतरलेले पेन्सिल सेल, या दोन गोष्टींनी जोडणी तुटते.

खरी अडचण पुढे आहे. गेम समोरच्याचं नाव लक्षात ठेवतो आणि त्याच नावाशी पुन्हा पॉप करू देत नाही. फँटम निघण्याची शक्यता फारच कमी, त्यामुळे नावं बदलत राहावी लागतात. दुसऱ्या कार्ट्रिजवर नवा गेम, नवं नाव, सेव्ह करता येईल इतपत पुढे, आणि पुन्हा पॉप. नव्या गेमने त्या कार्ट्रिजवरची जुनी कार्डं पुसली जातात, म्हणून ते कार्ट्रिज या कामापुरतंच ठेवा.

कल्हईवाला
घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. नकली प्रती ढिगाने आहेत. अस्सल अमेरिकी लेबलवर डीएमजी-एएक्सक्यूई-यूएसए हा कोड असतो. लेबल तिरकं धरलं की कागदात दाबलेले दोन अंक दिसतात. नकलीवर ते बहुधा नसतात. विकणाऱ्याकडे आतल्या बोर्डाचा फोटो मागाच, निन्टेन्डोचं नाव बोर्डावर छापलेलं असतं.

दुसरं, सेल. सेव्ह ३ व्होल्टच्या बटण सेलवर टिकते आणि पंचवीस वर्षांनंतर त्याचा भरवसा नाही. विकणारा सेव्ह होते म्हणाला तरी रात्रभर यंत्र बंद ठेवून सकाळी पुन्हा बघायला सांगा.

तुरुपराणी
सेल बदलणं घरी जमेल? नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरने उघडतं का?

कल्हईवाला
नाही. ३.८ मिमीचं गेमबिट (या स्क्रूंसाठीचं खास टोक) लागतं, पेनाची नळी वितळवून फिरवण्याचे उद्योग करू नका, स्क्रूचं डोकं जातं. जुन्या सेलवरचा नंबर वाचून तोच, पट्ट्या लावलेला सेल मागवा. साध्या सेलवर थेट डाग देऊ नका, तापून फुटू शकतो; चिकटपट्टीने दाबून बसवलेला हलला की सेव्ह गेली. जुना काढण्याआधी अधिक-उणेचा फोटो काढा. काढल्याबरोबर सेव्ह जाते, म्हणून त्यात जपण्यासारखं काही असेल तर आधी कार्ट्रिज रीडरने (कार्ट्रिज संगणकाला जोडणारं यंत्र) फाइल उतरवून घ्या आणि नंतर परत चढवा. पॉपसाठी घेतलेल्या दुसऱ्या कार्ट्रिजला ही चिंता नाही, त्याच्यावर हात बसवा आणि मग मुख्य कार्ट्रिज उघडा.